साटमबाई आणि कोकमातलं पिवळं

साटमबाई मजल्यावर आल्या की आधी वास यायचा.

परळच्या आमच्या प्रयोगशाळेला स्पिरिटचा आणि थंड हवेचा एक कोरा वास होता. नव्याने आलेला माणूस तिथे पहिला आठवडाभर आपोआप हळू बोलायचा. त्या कॉरिडॉरमधून सकाळी वाळल्या आमसुलांचा आंबूस-गोड वास चालत यायचा आणि मागोमाग साटमबाई यायच्या, बहुतेक वेळा अर्ध्या वाक्यात. वाक्य त्यांनी जिन्यातच सुरू केलेलं असायचं. "म्हणून मी म्हणते, तो रस आटवताना आपण घाई करतोय," असं म्हणत त्या दारातून आत येत. सुरुवातीचा भाग कोणी ऐकलाय का, याची त्यांना फिकीर नसे.

नाव इंदुमती साटम. वनस्पतींमधली औषधी द्रव्यं वेगळी काढणं हे त्यांचं काम. मी पेशींच्या खात्यात. कॅन्सरच्या पेशी बशीत वाढवायच्या, त्यांना खाऊपिऊ घालायचं, ऊब द्यायची आणि बाईंसारख्या लोकांनी आणलेली द्रव्यं त्यांच्यावर टाकून काय होतं ते बघायचं. त्या झाडातून काढत, मी पेशींवर घालत असे. आमचं नातं म्हटलं तर एवढंच.

मी गिरगावातली. आमच्या घरात तीन पिढ्या कारकुनी केलेली, आनंदसुद्धा खालच्या पट्टीत व्हायचा. मुलगा पास झाला तर वडील "बरं झालं" म्हणून पेपर पुढे वाचत. एखादा माणूस पिवळ्या रंगाचा एक थेंब बघून टाळी वाजवतो, पळत सुटतो, मजल्यावरच्या प्रत्येक दारावर थाप मारतो, हे मी साटमबाईंच्या आधी पाहिलं नव्हतं.

पर्समध्ये आमसुलांची पुडी कायम. कोणाचं पित्त उसळलं, कोणाचं डोकं चढलं, कोणाचा प्रयोग फसला, की एक आमसूल हातावर ठेवायच्या. "चघळ आणि गप्प बस. मग बोल." विभागप्रमुखांनाही त्यांनी एकदा भर मीटिंगमध्ये आमसूल दिलं होतं. प्रमुख मोठे शिष्टाचारवाले. ते बिचारे खिशात ठेवावं की तोंडात टाकावं या विचारात पडले, आणि तेवढ्या वेळात बाईंनी आपलं म्हणणं मांडून संपवलं.

झाडाचं पान दिसलं की चुरडायचं आणि हुंगायचं, ही त्यांची दुसरी सवय. दादरला फुलबाजाराच्या बाजूने त्यांच्याबरोबर जाणं म्हणजे शिक्षा असायची. विकायला ठेवलेल्या बेलाच्या जुडीतलं पान त्या इतक्या सहज खुडत की मालकीण ओरडायलाच विसरायची. मग तिलाच विचारायच्या, हे कुठून येतं, झाड मोठं की लहान, पाण्याजवळचं की डोंगरातलं. थोड्या वेळाने ती बाई आपल्या नणंदेच्या गुडघ्यांवर काय लावावं हे विचारत असायची आणि साटमबाई सांगत असायच्या, "ते नाही गो मला माहीत. ते डॉक्टरला विचार. मी झाडाचं सांगते, माणसाचं नाही."

हे वाक्य त्यांच्या तोंडी नेहमी असे. एकदाच ते वेळेवर बोलायचं राहिलं, आणि त्याची गोष्ट पुढे येईल.

कोकमच का, असं त्यांना सगळे विचारत. एकदा एका वर्तमानपत्राची मुलगी मुलाखतीला आली होती. तिने फार हळुवारपणे विचारलं, मॅडम, तुमच्या घरात कोणाला कॅन्सर झाला होता का, त्या दुःखातून तुम्ही या संशोधनाकडे वळलात का? बाई म्हणाल्या, "नाही गं. आमच्याकडे सगळे हृदयाने जातात." मुलगी ओशाळली. मग बाईंनीच तिला समजावलं, की कुतूहल वाटायला घरात कोणी मरावं लागत नाही. त्या करी रोडच्या चाळीत वाढलेल्या. वडील गिरणीत. मे महिन्यात गावाहून रातांब्यांची टोपली यायची. रातांबा म्हणजे कोकमाचं ताजं फळ. आई ती फळं फोडून सालं गच्चीवर वाळत घालायची, आणि कावळे हाकलायला इंदूला बसवायची. दिवसभर बसून इंदूच्या लक्षात आलं, की रातांब्याच्या रसाने बोटं लाल होतात ती धुतली की जातात; पण फळाच्या देठापाशी जो चिकट पिवळा चीक असतो, तो पाण्याने जात नाही. तेल लावावं लागतं. "पाण्याने का जात नाही, एवढंच मला कळायला हवं होतं," बाई म्हणाल्या. "ते कळेपर्यंत पंचावन्न वर्षांची झाले."

मुलाखत छापून आली तेव्हा तिचं शीर्षक मात्र दुःखाबद्दलच होतं.

कोकमाच्या सालीत गार्सिनॉल नावाचं एक पिवळं द्रव्य असतं. ते साटमबाईंनी शोधलेलं नव्हतं, जगात आधीपासून त्यावर काम चालू होतं, आणि हे त्या प्रत्येकाला पहिल्या वाक्यात सांगत. त्यांना ते आपल्या हाताने, शुद्ध, भरपूर काढायचं होतं, आणि आमच्याकडच्या पेशींवर ते काय करतं ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. त्यासाठी बिनमिठाचं, नुसतं वाळवलेलं कोकम हवं होतं. लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत त्या मला घेऊन गेल्या. दुकानदाराने सगळ्यात चांगलं, मऊ, मीठ मुरलेलं आमसूल पुढे केलं. बाईंनी ते बाजूला सारून मागच्या गोणीत हात घातला, एक कडक काळं साल दाताखाली फोडलं आणि विचारलं, "हे कुठल्या झाडाचं?"

दुकानदार म्हणाला, "बाई, गोणीला विचारा."

बाई इतक्या हसल्या की त्याने वजनात दोन मुठी जास्त घातलं.

ते कोकम कुटून, अल्कोहोलमध्ये भिजवून, गाळून, आटवून त्याचा काळपट लाल चिकट रस झाला. एका उभ्या काचेच्या नळीत पांढरी पूड दाबून भरलेली असते. वरून रस ओतायचा आणि त्यामागून वेगवेगळी द्रावणं सोडत राहायची. रसातले घटक आपापल्या वेगाने खाली उतरतात आणि नळीत रंगांचे पट्टे दिसू लागतात. वाट बघण्याचं काम आहे. बाई स्टूल ओढून नळीसमोर बसल्या. चहा आला आणि थंड झाला. लाल रंग वरच अडकून बसला होता, ढिम्म हलेना. मग त्या लालाच्या खालून एक फिकट रेघ सुटली, रुंद झाली, आणि हळदीच्या पाण्यासारखा स्वच्छ पिवळा पट्टा एकटाच खाली यायला लागला.

बाई एरवी प्रमाण मराठी बोलायच्या, व्याख्यानात तर अगदी पुण्याचं. पण आनंद झाला की मालवणी फुटायची. मी शेजारच्या खोलीत होते. हाक ऐकू आली, "अगो, येवन बघ! पिवळा इला!" मी गेले तोवर त्या बाहेर पडल्याही होत्या. त्यांनी विभागप्रमुखांना आणलं, कॅन्टीनच्या अण्णांना आणलं, लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही आणलं. सगळे त्या नळीसमोर अर्धगोलात उभे. कोणाला फारसं काही कळत नव्हतं. तरी कोणी हललं नाही. पट्टा खालच्या तोटीपाशी पोचला आणि पहिला पिवळा थेंब बाटलीत पडला, तेव्हा लिफ्टवाला म्हणाला, "आलं." आणि सगळ्यांना खरोखरच काहीतरी आल्यासारखं वाटलं. मी गिरगावची, तरी माझ्याही अंगावर काटा आला.

ते पिवळं मग माझ्याकडे आलं. आतड्याच्या कॅन्सरच्या पेशी माझ्याकडे होत्या. बशीच्या तळाला घट्ट चिकटून, हातपाय पसरून वाढणाऱ्या. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर त्या गोळा होऊन, सुरकुतून, तळ सोडून तरंगत होत्या. मेल्या होत्या. मी बाईंना बोलावलं. त्या बराच वेळ डोळा लावून बसल्या, मग उठून माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. पेढे आणायला कोणीतरी निघालंच होतं. बाईंनी थांबवलं.

"नुसतं अल्कोहोल घातलेली बशी कुठाय?"

मी दाखवली. पिवळं अल्कोहोलमध्ये विरघळवूनच घातलं होतं. पण या बशीतल्या पेशी मजेत होत्या. म्हणजे मारणारं अल्कोहोल नव्हतं, ते पिवळंच होतं. बाईंनी मान डोलावली. मग विचारलं, "आणि चांगल्या? निरोगी पेशी?"

ती बशी मी आधीच पाहिली होती, म्हणून गप्प होते. त्यांनी स्वतः पाहिली. निरोगी पेशीही मेल्या होत्या, त्याच दिमाखात.

मला वाटलं, बाई खचतील. त्या स्टुलावर बसल्या, पर्समधून आमसूल काढून तोंडात टाकलं, आणि चघळता चघळता त्यांचा चेहरा उजळायला लागला. म्हणाल्या, आता खरं काम सुरू झालं. सगळ्यांनाच मारणारं औषध नसतं, ते विष असतं. पण विष कितीला विष असतं, ते बघू. कमी करून बघू. अजून कमी करून बघू. आणि त्या टेबलावर बोटाने आकडे लिहायला लागल्या.

पुढचे महिने त्या कमी-कमीमध्ये गेले. एका पातळीवर फरक दिसायला लागला. कॅन्सरच्या पेशी मंदावत, काही मरत, आणि निरोगी बऱ्याचशा तग धरत. फार मोठा फरक नव्हता, पण पुन्हा केलं तरी दिसत होता, हात बदलून केलं तरी दिसत होता. हा फरक दिसला त्या दिवशी बाईंनी पेढे आणू दिले.

आणि त्याच आनंदात त्यांनी दादरच्या एका महिला मंडळात व्याख्यान दिलं.

मी तिथे होते. सभागृह गच्च भरलं होतं, पुढच्या रांगेत पैठण्या आणि मोत्याच्या कुड्या. बाई रंगात आल्या. म्हणाल्या, "बायांनो, तुमच्या स्वयंपाकघरातल्या डब्यात जे काळं साल पडलंय ना, त्याच्यात कॅन्सरची पेशी मारणारं द्रव्य आहे. मी डोळ्यांनी बघितलंय." टाळ्यांनी सभागृह दणाणलं. पुढे अर्धा तास त्यांनी सगळं सांगितलं. हे फक्त बशीतलं आहे, माणसापर्यंत पोचायला किती पायऱ्या असतात, त्यातल्या बहुतेक पायऱ्यांवर बहुतेक औषधं कशी गळतात. पण टाळ्या पडल्या त्या वाक्याचंच कोणीतरी मोबाइलवर चित्रण केलं होतं. आठवड्याभरात ते सगळ्या गिरणगावातल्या व्हॉट्सॲपवर फिरलं. खाली मजकूर होता, रोज दोन पेले कोकमाचं आगळ घ्या, कॅन्सर पळवा, परळच्या शास्त्रज्ञांचा शोध.

विभागप्रमुख रागावले. बाईंनी ऐकून घेतलं. त्यांना स्वतःला ते आधी थोडं विनोदी वाटलं असावं. लोक आगळ पितील, पोटं थंड होतील, असं काहीसं त्या म्हणाल्या.

बाळा परबचं त्यांना तेव्हा माहीत नव्हतं.

बाळा परब हा बाईंचा चाळीतला सोबती. चाळ पाडून तिथे टॉवर झाला तेव्हा दोघांनाही त्याच इमारतीत घरं मिळाली, बाई वर, बाळा चार मजले खाली. लालबागच्या एका जुन्या सिनेमागृहात तो मशीन चालवायचा, पडद्यावर सिनेमा सोडायचा. थिएटर बंद पडल्यावर निवृत्त झाला. त्याला आतड्याचा कॅन्सर झाला होता. ऑपरेशन झालं होतं आणि पुढची केमोची इंजेक्शनं चालू होती, हे बाईंना ठाऊक होतं. त्या अधूनमधून जाऊन बसायच्या.

पुढचं मला त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं. त्या दिवशी पहिल्यांदा त्या अर्ध्या वाक्यात आल्या नाहीत. गप्प आल्या.

लिफ्टमध्ये बाळाची बायको शालन भेटली. हातात दोन पिशव्या, पिशव्यांत आगळाच्या बाटल्या. हसून म्हणाली, इंदूताई, बरं झालं भेटलात, गावचं आगळ चांगलं की इथलं? बाईंनी विचारलं, एवढं कशाला? शालन म्हणाली, "ह्यांना देतेय ना. तुमचं बघितलं मोबाइलवर. ते इंजेक्शन बंद केलं आता. किती त्रास व्हायचा. गेल्या वेळचं चुकवलं, ह्या वेळी पण नाही जाणार."

शालन आपल्या मजल्यावर उतरून गेली. बाईंचा मजला आला, दार उघडलं, मिटलं, आणि लिफ्ट त्यांना घेऊन पुन्हा खाली आली.

त्याच संध्याकाळी त्या बाळाकडे गेल्या. त्यांनी सगळं समजावून सांगितलं. बाळाने शांतपणे ऐकलं आणि विश्वास ठेवला नाही. त्याचं म्हणणं सरळ होतं. इंदू आधी टाळ्या घेत बोलली ते खरं. आता बोलतेय ते वरच्या साहेबांच्या धाकाने. औषधवाल्या कंपन्यांना कोकम कसं परवडणार? वर म्हणाला, तुझ्याच हातून मी बरा होणार, ह्याच्यापेक्षा चांगलं काय?

"त्याने माझ्यावर विश्वास ठेवलाय," बाई मला म्हणाल्या, "आणि तोच काढून घ्यायचाय. बोलून निघत नाही."

आमसूल काढलं नाही. नुसतं पर्सचं बक्कल उघडत-मिटत राहिल्या. मग एकदम म्हणाल्या, "त्याला दाखवू."

आजारी माणसाला पेशींच्या खोलीत आणता येत नाही. त्याच्यासाठीही नाही आणि पेशींसाठीही नाही. बाई विभागप्रमुखांकडे गेल्या. आत काय बोलणं झालं माहीत नाही. बाहेर आल्या तेव्हा खालच्या मजल्यावरच्या व्याख्यानाच्या खोलीत एक सूक्ष्मदर्शक मांडायची परवानगी त्यांच्या हातात होती. पेशी बंद झाकणाच्या बाटल्यांत न्यायच्या होत्या. त्या मी तयार केल्या. बाई माझ्या मागे उभ्या राहून, ह्यात हे, त्यात ते, असं सांगत होत्या. त्यांचा उत्साह परत आला होता, पण जातीचा वेगळा होता. पळत नव्हत्या. एका जागी उभ्या राहून प्रत्येक बाटलीचं झाकण दोनदा तपासत होत्या.

बाळा आला तो शालनचा हात धरून. डोक्यावर टोपी, शर्ट दोन मापं मोठा झालेला. सूक्ष्मदर्शक बघून मात्र त्याचे डोळे चमकले. बाईंनी पहिली बाटली खाली सरकवली आणि दिसतंय का विचारलं. त्याने डोळा लावला, हात आपोआप बाजूच्या चाकावर गेला, अगदी किंचित फिरवला. "आता दिसतंय," तो म्हणाला. "फोकस गेला होता." आयुष्यभर तेच केलं होतं त्याने.

पहिल्या बाटलीत नुसत्या पेशी होत्या. ही तुझ्या आजाराची मंडळी, बाई म्हणाल्या, तुझी नाहीत, पण त्याच जातीची. बाळा बराच वेळ बघत राहिला. आपल्या पोटात वर्षभर जे होतं ते त्याने पहिल्यांदाच पाहिलं असावं. दुसऱ्या बाटलीत बाईंचं पिवळं होतं. सगळं गोळा होऊन तरंगत होतं. बाळाने मान वर केली. चेहऱ्यावर विजय होता. "बघ," तो शालनला म्हणाला.

बाईंनी तिसरी सरकवली. त्यातही सगळं मेलेलं. हे कशाने, त्याने विचारलं.

"मिठाने. आपलं खाण्याचं मीठ. खूप घातलं आणि मेल्या."

बाळाने परत डोळा लावला.

"आता सांग, मीठ खाऊन कॅन्सर बरा होतो? बशीत मारायला अक्कल लागत नाही बाळा. साबणाने मरतात, उकळत्या पाण्याने मरतात. माणसाच्या आत मारायचं आणि माणूस ठेवायचा, त्याला लागते."

चौथ्या बाटलीत आगळ होतं, अगदी पातळ केलेलं. पिऊन, पोटातून जाऊन, रक्तात उतरलं तर फार तर जेवढं उतरेल असं आम्ही धरलं होतं, तेवढं. बाळाने पाहिलं. पेशी तळाला चिकटून, हातपाय पसरून, आरामात वाढत होत्या. तो पुन्हा पुन्हा चाक फिरवत राहिला, फोकस चुकला असेल म्हणून. फोकस चुकला नव्हता. बाईंनी मग त्याला चाळीच्या गच्चीवरची गोष्ट सांगितली, तो पिवळा चीक, पाण्याने न जाणारा. आगळ म्हणजे पाणी, मीठ आणि लाल रस. पिवळं त्यात फारसं उतरतच नाही. सालीत बसून राहतं.

शालनने तोंडाला पदर लावला होता.

शेवटची बाटली बाळाच्या इंजेक्शनातल्या औषधाची. त्यातही पेशी मेलेल्या. "हे पण मारतं, माझं पण मारतं," बाई म्हणाल्या. "पण हे किती द्यायचं, कधी थांबायचं, उलटी झाली तर काय द्यायचं, हे कितीतरी माणसांनी सोसून शिकलंय. माझ्या पिवळ्याबद्दल मला ह्यातलं काही माहीत नाही. खरा सांगतंय. काही म्हणजे काही नाही."

बाळाने टोपी काढून मांडीवर ठेवली. डोक्यावर केस नव्हते.

"तुला कधी कळणार?"

"मी असेपर्यंत नाही कळायचं बहुतेक. कदाचित कधीच नाही. बहुतेक औषधं मधेच गळतात."

"मग एवढी नाचतंस कित्याक?"

बाईंनी पिवळ्याची बाटली उचलून उजेडाकडे धरली.

"सुरुवात बघायला मिळाली म्हणून," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना नाही मिळत."

बाळा हसला. मग म्हणाला, "तू लहानपणी कावळे हाकलायच्या जागी त्यांच्याशी बोलत बसायचीस." आणि शालनला म्हणाला, तारीख कधीची आहे बघ.

तो गेला इंजेक्शनला. डॉक्टर ओरडले, पण त्यांनी पुढचं वेळापत्रक नीट लावून दिलं. उलट्या झाल्या, तोंड आलं, आणि शेवटचं इंजेक्शन घेतल्यावर तो दोन दिवस झोपून राहिला. वर्ष उलटल्यानंतरच्या तपासण्या स्वच्छ आल्या. डोक्यावर केस आले ते कुरळे. आधी सरळ होते. हे कुरळे केस बाळा सगळ्या टॉवरला दाखवत फिरायचा.

साटमबाई पुन्हा दादरच्या त्या महिला मंडळात गेल्या. बोलावलं नव्हतं, त्यांनी स्वतः फोन करून वेळ मागून घेतली. या वेळी सभागृह अर्धंच भरलं. त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की मागच्या खेपेला मी एक वाक्य आधी बोलले आणि त्याचं शेपूट अर्ध्या तासाने. ते वाक्य ऐकून माझ्या शेजारच्या माणसाने औषध सोडलं. तो वाचला, पण ते माझ्यामुळे नाही. आज मी शेपूट आधी सांगायला आले आहे. टाळ्या पडल्या नाहीत. लोक जरा नाराजच दिसले, काहीतरी दिलेलं परत मागितल्यासारखे. शेवटी एका आजींनी विचारलं, मग सोलकढी प्यायची की नाही?

"प्या की," बाई म्हणाल्या. "जेवण छान जिरतं."

तिथून पुढे त्यांची एक नवीन लकब झाली. कितीही आनंदात असल्या तरी वाक्याच्या शेवटी एक शब्द लावायच्या. "आज साठ टक्के मेल्या गो, बशीत." "काय सुंदर फरक दिसतोय, बशीत." आम्ही मागे त्यांची नक्कल करायचो. कॅन्टीनचे अण्णाही म्हणायचे, आज इडली मस्त झाली, बशीत. बाईंना ते कळलं तेव्हा त्यांनाच सगळ्यात जास्त आवडलं. आनंद मात्र कमी झाला नाही, हे सांगितलं पाहिजे. आपल्या चुकीने हादरलेला माणूस बरेचदा गप्प होतो, हिशेबी होतो. त्या झाल्या नाहीत. जिन्यातून येणारी अर्धी वाक्यं पुन्हा सुरू झाली.

निवृत्तीच्या आधी काही दिवस त्यांना कोकमाने नवीनच वेड लावलं. कोकमाची झाडं नर आणि मादी वेगवेगळी असतात. फळ येतं ते मादीला. नर झाड कळेपर्यंत पाच-सात वर्षं जातात आणि मग बागायतदार ते तोडून टाकतो. कुडाळजवळच्या गावी बाईंचा भाऊ आपल्या बागेतली नर झाडं तोडायला निघाला होता. हे त्याने फोनवर सहज सांगितलं आणि बाईंनी प्रयोगशाळेच्या कॉरिडॉरमध्ये उभं राहून त्याला कुऱ्हाड खाली ठेवायला लावली. पानांचं काय? त्या आम्हाला विचारत होत्या. सालीतलं पिवळं पानांत किती असतं? मादीच्या पानांत किती, नराच्या किती? ऊन-सावलीने बदलतं का? पानांतून पुरेसं मिळालं, तर फळ न देणाऱ्या झाडालाही किंमत येईल, ते तुटणार नाही. निरोप समारंभात विभागप्रमुख त्यांच्या सेवेबद्दल बोलत होते आणि बाई शेजारी बसून माझ्या कानात नर झाडांबद्दल बोलत होत्या.

मी त्यांना शेवटचं पाहिलं दादरला, सकाळच्या कोकणच्या गाडीवर. त्या कायमच्या गावी निघाल्या होत्या. बाळा परब सामान चढवायला आला होता. बॅगा दोनच, त्यातली एक नुसती रिकाम्या कागदी पाकिटांनी भरलेली, झाडागणिक पानं वेगळी ठेवायला. बाळाने ती वर ठेवली आणि म्हणाला की इंदू, गावात जाऊन जरा स्वस्थ बस. बाईंनी हो म्हटलं, ते आम्ही कोणीच मनावर घेतलं नाही.

त्या खिडकीशी बसल्या. मी बाहेर. त्या मला सांगत होत्या की वाळवलेली पानं आधी तुझ्याकडेच पाठवीन, पेशी तयार ठेव, निरोगीसुद्धा. आणि घाई करू नकोस, आणि नराच्या पानाला चुरडल्यावर वास जरा उग्र येतो असं भाऊ म्हणतो, ते खरं असेल तर. तेवढ्यात गाडी हलली. पुढचं ऐकू आलं नाही. त्यांनी हाताने पानाची लांबी दाखवली, मग दुसऱ्या हाताने दुसऱ्या पानाची, आणि माझ्याकडे भुवया उंचावून पाहिलं, म्हणजे फरक लक्षात आला ना?

मी मान डोलावली. बाळा माझ्या शेजारी उभा राहून हसत होता.

गाडीने वेग घेतला. त्यांच्या समोरच्या बाकावर एक गृहस्थ मांडीवर डबा घेऊन बसले होते, न्याहारी उघडायच्या बेतात. बाईंनी खिडकीतून मान आत घेतली, त्यांच्याकडे वळल्या आणि बोलायला लागल्या. गाडी फलाटाबाहेर जायच्या आधी मला दिसलं ते एवढंच, की त्या गृहस्थांनी डब्याचं झाकण परत लावलं, डबा बाजूला ठेवला, आणि पुढे झुकून ऐकू लागले.